माडगरुडाचं झाड आणि तरीची होडी

कोल्हापूरच्या माणसाला समुद्र बघायचा तर आधी घाट उतरावा लागतो, आणि आमच्या अण्णांच्या जीपमधून घाट उतरायचा तर घरच्यांना देव पाण्यात ठेवावे लागतात. लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली ही जीप. तिला ब्रेक आहेत, पण ते तिच्या मर्जीवर. अण्णा पेशाने वकील. तरुणपणी बंदूक घेऊन दाजीपूरचं रान त्यांनी तुडवलं होतं. लग्नानंतर वहिनींनी बंदूक माळ्यावर टाकायला लावली आणि गळ्यात दुर्बीण आली. तेव्हापासून गोळीऐवजी नजरेने शिकार चालते. मी बापू. माझं सायकलींचं दुकान आहे. जीप बंद पडली तर कुणीतरी तिच्याखाली झोपायला हवं, एवढ्याच कारणासाठी मला बरोबर घेतात हे मी जाणून आहे.

तिसरा दिनू. तो हायस्कुलात भूगोल शिकवतो, मूळचा देवगडच्या बाजूचा, एका खाडीकाठच्या गावातला. त्या गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. हे वाचणाऱ्यांत बंदूक माळ्यावर न टाकलेलेही कुणी असतील.

या प्रवासाला कारण झालं दिनूचं एक वाक्य. अण्णा आपल्या जुन्या वाघाची गोष्ट विसाव्यांदा सांगत होते, तेव्हा हा शांतपणे म्हणाला, "वाघ काय, कुणीही बघतं. आमच्या देवाच्या राईत माडगरुड आहे. मादी स्वतःला झाडाच्या ढोलीत कोंडून घेते आणि नर तिला बाहेरून चारतो." अण्णा गप्प झाले. हा पक्षी त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पुस्तकात त्याला धनेश म्हणतात, तिकडे माडगरुड. वकील माणूस गप्प बसला की समजावं, आता काहीतरी घडणार. चैत्र संपता संपता शाळेला सुट्टी लागली, कोर्टालाही लागली, आणि आम्ही निघालो.

फोंडा घाट

घाटाच्या तोंडाशी जीप थांबवून अण्णांनी नारळ फोडला. मी ब्रेकचं तेल पाहिलं. दोघांनी आपापल्या परीने देवाची आठवण काढली म्हणायची.

सकाळचं ऊन झाडीत नुकतंच शिरत होतं. एका वळणावर दिनूने हात वर केला. वर, हिरड्याच्या फांदीवर, शेकरू बसलं होतं. आपल्याकडची खार ओंजळीत मावते, हे मांजराएवढं आणि शेपूट त्याहून लांब. अंगावर तांबूस मखमल, पोट पिवळट. त्याने आमच्याकडे निरखून पाहिलं, काहीतरी कठोर शब्दांत खडसावलं आणि या झाडावरून त्या झाडावर अशी झेप घेतली की मीच जीपची दांडी घट्ट धरली. पुढे ओलसर जागी गव्यांच्या खुरांचे ठसे होते, ताजे. गवा काही दिसला नाही. अण्णांच्या मते तो आमच्याकडेच बघत असणार. आमची जीप जो आवाज करते तो ऐकून कुठला शहाणा गवा रस्त्यावर येईल, असं माझं मत होतं, पण ते मी बोलून दाखवलं नाही.

घाट उतरला आणि हवाच बदलली. अंगाला चिकटणारी, पिकत्या आंब्यांचा वास असलेली. नांदगावला माडाच्या झापांच्या हॉटेलात चहा घेतला. आमच्याकडे चहा साखरेचा पाक असतो, इथे गुळाचा आणि काळा. बरोबर ओल्या काजूची उसळ आली. मी पहिला घास घेतला आणि पुढे काही वेळ संभाषणात भाग घेतला नाही.

देवगड आणि कुणकेश्वर

देवगडात त्या दिवसांत आंब्याशिवाय दुसरा विषय नसतो. ओटीवर आंबा, माजघरात आंबा, खाटेखाली आंबा, आणि घरातली माणसं उरलेल्या जागेत. बंदरावर गवतात बसवलेले हापूस भरून करंड्या चालल्या होत्या, मुंबईच्या आगबोटीसाठी. एका बागायतदाराने आम्हाला ओटीवर बसवून आंबे कापून दिले. अण्णांनी साल चोखलेली पाहून त्याला बरं वाटलं असावं, कारण त्याने आणखी कापले.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुणकेश्वराच्या देवळामागच्या खडकावर जाऊन बसलो. समुद्र काचेसारखा निवळ होता. अचानक पाण्यातून एक काळी पाठ वर आली, बाक देऊन आत गेली, मग दुसरी, मग एक लहान, आईला अगदी चिकटून. जाळं सुकवणारा एक कोळी म्हणाला, "गादे ते. माशाच्या पाठीसून इलेत." डॉल्फिन हा शब्द मी ऐकला होता, गादा पहिल्यांदाच ऐकला, आणि खरं सांगतो, त्या जनावराला गादाच शोभतो. ते सरळ ओळीत दक्षिणेकडे गेले. आम्हालाही दक्षिणेकडेच जायचं होतं, पण गाद्यांना खाड्या आडव्या येत नाहीत.

त्या काळात या किनाऱ्यावरच्या खाड्यांवर पूल म्हणून नव्हता. खाली गोव्यात अजून पोर्तुगीज बसलेले, आणि वर आपलं सरकार अजून पुलांच्या जागा बघत होतं. पलीकडचा माड दिसतो, माडाखालची विहीर दिसते, विहिरीवर भांडणाऱ्या बायांचे शब्दही कळतात, पण जीपने तिथे पोचायचं तर उलट कणकवलीकडून वळसा घालत दिवस घालवायचा. म्हणून इथे माणसाला गाडीपेक्षा होडीची किंमत. तरीची, म्हणजे माणसं खाडीपार नेणारी, होडी हाच इथला रस्ता, दवाखाना आणि बाजार. हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. दिनूच्या गावात कळलं.

वाटेत एका सुरूच्या शेंड्यावर काकण दिसला. हा समुद्रावरचा गरुड, पोट पांढरंशुभ्र, पंख राखी. त्याने पायात साप धरला होता, समुद्रातला. बागेत काम करणाऱ्या बाईला विचारलं तर म्हणाली, "आमचोच आसा तो. वर्सानुवर्सां थयच बसता." जणू घरजावयाबद्दल बोलावं.

दिनूचं गाव

गावात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. रस्ता खाडीपाशी संपतो आणि तिथेच दिनूच्या काकांचं घर. भिकूकाका ही गावच्या तरीची होडी चालवणारी असामी. काळे, काटक, आवाज असा की पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारायला शिंग लागत नाही. आई-वडील लवकर गेल्यावर दिनूला यांनीच वाढवला. त्याला पाहून ते म्हणाले, "इलंस? सुकलंस रे मेल्या. कोल्हापुरात काय खावक देतत का नुसती कुस्ती शिकवतत?"

काकींनी शिरवाळे केले होते. तांदळाच्या गरम शेवया नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या. तिखट रश्श्यावर वाढलेल्या जिभेला हे आधी लुटुपुटीचं जेवण वाटतं, तिसऱ्या वाढीला मत बदलतं. अण्णांचं मत पहिल्या वाढीलाच बदललं.

जेवणानंतर दिनू आम्हाला राईत घेऊन गेला. रवळनाथाच्या देवळामागे जुनी झाडी, आत ऊन नाही, आवाज नाही. कडेला एक रायवळ आंबा होता. तिघांनी हात जोडले तरी कवेत येणार नाही असं खोड, सरळसोट वर गेलेलं. अण्णांनी दुर्बीण लावली. मग मला दिली. उंचावर एक ढोली होती. तिचं तोंड माती-शेणाने लिंपल्यासारखं बंद, मध्ये फक्त उभी फट. त्या फटीतून पिवळट चोचीचं टोक बाहेर आलं, हललं आणि आत गेलं.

तेवढ्यात डोक्यावर पंखांचा आवाज झाला. पाखराच्या पंखांचा एवढा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. कुणी जोरात सुपाने पाखडावं तसा. नर येऊन फांदीवर बसला. काळा-पांढरा, चोचीवर दुसरी चोच ठेवल्यासारखा उंचवटा. त्याने मान झटकली, घशातून एक उंबर वर काढलं, चोचीच्या टोकाला आणलं आणि फटीत धरलं. आतून ते घेतलं गेलं. मग दुसरं, मग तिसरं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कोर्टात साक्षीदार रडले तरी हा माणूस चष्मा पुसत नाही.

खाली मान वळवली तेव्हा मला खोडावरची खूण दिसली. हळदकुंकू लावलेलं, आणि त्याच्या वर कुऱ्हाडीने काढलेली एक बारीक खाच. मी दिनूकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. त्यालाही हे माहीत नव्हतं.

कौल

"उद्या सकाळी पाडूचो आसा," काका म्हणाले. "होडी करूची हा. मेस्त्री इलेलो आसा, तो बगा पडवेत झोपलो हा."

खाडीच्या चिखलात जुनी होडी उपडी पडली होती. तळाला जागोजाग भेगा. मागच्या गणेशचवतीच्या आदल्या दिवशी बाजार करून परतणारी माणसं तिच्यात बसली होती. खाडीच्या मध्यावर भेग फाकली, पाणी भरलं आणि होडी कलंडली. सावित्री नावाच्या बाईला काकांनी केसांना धरून वर काढलं. सगळे वाचले, पण काकांची झोप गेली. त्यांनी रवळनाथापुढे शब्द दिला की पुढल्या पावसात जुनी होडी पाण्यात घालणार नाही. मग नव्या होडीसाठी देवाच्या राईतला आंबा मागितला. देवाच्या पाषाणाला ओले कळे, म्हणजे फुलांच्या पाकळ्या, चिकटवतात आणि विचारतात. उजवीकडची आधी पडली तर होकार. देवाने उजवा कौल दिला. मृगाच्या आत होडी कोरून व्हायची तर झाड उद्याच पडायला हवं होतं.

अण्णांनी उलटतपासणी सुरू केली. "काका, आत मादी आहे."

"ठावक आसा."

"तिने स्वतःला कोंडून घेतलंय. झाड पडलं तर ती मरेल. पिल्लं मरतील."

"ता पण ठावक आसा. म्हणान तर सांजचा गाऱ्हाणा घालूचा आसा. झाडार जो कोण रवता तेका आदी सांगूचा, तुजो ठाव सोड, मगे सकाळी कुऱ्हाड. देवचार सुदीक झाड सोडता, वकीलसायबानु. ह्या तर पाखरू."

देवचार म्हणजे तिकडचं झाडावर राहणारं भूत. अण्णा कायद्यावर गेले, मग निसर्गावर, मग भूतदयेवर. दुसरं झाड घ्या म्हणाले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दुसऱ्या झाडाक देवान कौल देवक नाय. आणि पावसात पलीकडे दुखणायताक न्हेवची येळ इली तर तुमी कोल्हापुरासून जीप घेवन येशात?"

अण्णा चिखलातल्या उपड्या होडीकडे बघत राहिले. पक्ष्याकडून बोलावं तर समोर सावित्रीबाईचे केस आठवावेत, असा पेच. दिनूकडे पाहिलं. तो खाली मान घालून जमिनीवर काडीने रेघा ओढत होता. ज्या हातांनी त्याला वाढवलं त्या हातांना अडवायचं कसं, हे त्याला भूगोलात शिकवलं नव्हतं. मला त्याची फार कीव आली, आणि त्याने आम्हाला इथे का आणलं म्हणून थोडा रागही.

दिवेलागणीला झाडाखाली गाऱ्हाणं झालं. काकांनी हात जोडले आणि एका दमात, चढ्या आवाजात, समोर कुणी माणूस उभा असल्यासारखं सांगितलं, "बा देवा म्हाराजा! ह्या झाडार जो कोण चराचर रवता, देवचार रवता, पाखरू रवता, किडो-मुंगी रवता, तेनी आजची रात आपलो ठाव सोडून दुसऱ्या ठावाक जावचा. आमच्या कुऱ्हाडीचो दोष कोणाक लागाचो नाय असा कर म्हाराजा!" जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हटलं. वर ढोलीत ती बसलेली होती आणि तिला रीतसर नोटीस लागू झाली होती.

सकाळ

झाडाखाली पंधरा-वीस माणसं होती. गुरव, मेस्त्री, दोर घेतलेले गडी. सावित्रीबाईही आली होती, जरा लांब उभी. काका अंघोळ करून, कुऱ्हाड घेऊन तयार. अण्णा एका दगडावर बसून होते. दुर्बीण त्यांनी घरी ठेवली होती. बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं असावं.

काकी पूजेचं ताट घेऊन आल्या. बुंध्याशी दिवा ठेवायचा म्हणून त्यांनी हिराच्या वाढवणीने, म्हणजे माडाच्या काड्यांच्या केरसुणीने, पाचोळा झाडला. झाडता झाडता थांबल्या. पाचोळ्याखाली काळी लांब पिसं होती, हातभर लांब, बरीच. त्यांनी ती एकेक उचलली आणि मुठीत धरली.

"अवो," त्या काकांना म्हणाल्या, "ही पिसां कोणाची?"

"तिचीच. आत बसान झाडता ती."

"पंखाची आसत ही."

"मगे?"

"मगे काय मगे! काल सांजचा तुमी तिका सांगलात, ठाव सोड म्हणान. आनि तिणा जावचा कशान? बाळंतिणीक पंख नाय, दार नाय, घो भायरसून भरयता तेवां दोन घास पोटात जातत. तुमचा गाऱ्हाणा तिका उचलून न्हेतला?"

कुणी हसलं नाही. काका म्हणाले, "देवान कौल दिल्यान हा गो."

"झाडाचो दिल्यान. बाळंतिणीचो नाय दिल्यान."

नेमक्या त्या वेळी नर आला. तोच पाखडण्याचा आवाज, तीच मान झटकणं. खाली एवढी माणसं, कुऱ्हाडी, दोर, पण त्याला त्याचं काम होतं. फटीतून चोच बाहेर आली आणि उंबर घेऊन आत गेली. सगळ्यांनी माना वर करून पाहिलं. गावात जन्म गेला तरी बऱ्याच जणांनी हे इतकं थांबून कधी पाहिलं नसावं.

गुरव म्हातारा होता. तो घसा खाकरून म्हणाला, "भिकू, रवणारो झाडार आसा. गाऱ्हाणा पुरा होवक नाय. पुरा झाल्याबिगर कुऱ्हाड लावची नाय, ही रीत आसा."

काकांचा चेहरा मला अजून दिसतो. त्या माणसाला राग आला होता, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. देवाने झाड दिलं होतं. देवापुढेच त्यांनी जुनी होडी न घालण्याचा शब्द दिला होता. आणि देवापुढेच घातलेलं गाऱ्हाणं आता अर्धं लोंबकळत होतं. सगळे शब्द त्यांचेच. बराच वेळ ते ढोलीकडे बघत उभे राहिले. मग कुऱ्हाड खोडाला टेकवून ठेवली, टोपी काढली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आनि गो बाये, तू जी कोण वर बसलंस, तू पण आयक. तू बाळंतीण आसंस. तुजी पोरां उडान भायर पडतत तवसर तुज्या झाडाक कोण हात लावचो नाय. तू भायर पडलंस काय मगे आमी तुज्याकडे झाड मागतलंव. तवसर माजो शब्द मोडता म्हाराजा, ता माका माफ कर. माज्या जुन्या होडयेक आनि तिच्यात बसणाऱ्या माणसांक आनीक येक पाऊस संबाळ म्हाराजा!"

आता सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कुणी म्हणेना. आदल्या संध्याकाळी हे दोन शब्द किती सहज आले होते! आज त्यांचा अर्थ होता, येत्या पावसात आम्ही या भेगाळलेल्या होडीत बसू. माणसं एकमेकांकडे बघत होती. मेस्त्री जमिनीकडे बघत होता. आम्ही तिघं तर बोलण्याचे अधिकारीच नव्हतो. पाऊस सुरू व्हायच्या आत आम्ही कोल्हापुरात पोचलेले असणार. त्या शांततेची मला लाज वाटली आणि भीतीही वाटली.

"व्हय म्हाराजा," एक बारीक आवाज आला. सावित्रीबाई होती. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून ती झाडाकडे बघत होती.

मग गुरव म्हणाला, मग गडी म्हणाले, मग सगळी राई. वरून एक उंबर निसटलं आणि पाचोळ्यात पडलं. गुरवाने वाकून कुठे पडलं ते पाहिलं आणि समाधानाने म्हणाला, "उजव्या हाताक."

अण्णा माझ्या कानात पुटपुटले, "बापू, पंचवीस वर्षं वकिली केली. या बाईंसमोर मी कधीही उभा राहणार नाही." ते काकींबद्दल बोलत होते की सावित्रीबाईंबद्दल, मी विचारलं नाही.

जुनी होडी

आम्हाला मालवणला जायचं होतं, किल्ला बघायचा होता, तिकडे ओळखीच्यांकडे जेवायचं ठरलं होतं. ते सगळं राहिलं. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेही धोतर-विजारी वर खोचून चिखलात उतरलो.

मेस्त्रीने भेगा खरवडल्या. आम्ही काथ्या पिळून त्यांत ठोकत होतो, वरून राळ आणि तेल शिजवून ओतायचं. मी माझ्याकडचं रबराचं सोल्युशन दाखवलं तर मेस्त्रीने ते हुंगून परत दिलं. म्हणाला, "ह्या सायकलीक ठीक आसा. सायकल बुडता काय?" तरी एका लहान चिरेला त्याने मला ठिगळ लावू दिलं. माझ्या आयुष्यात मी पंक्चर काढलेली ती सगळ्यांत मोठी वस्तू. अण्णांच्या हाताला फोड आले आणि त्यांनी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले. दुपारी काकी खडकाएवढ्या मडक्यातून पेज आणि खारातली कैरी आणून देत. भुकेल्या माणसाला पेजेपुढे पक्वान्न नाही, हे मी कोल्हापुरात सांगितलं तर मला वाळीत टाकतील.

काम चालू असताना खाडीत ऊद दिसले. पाणमांजरांचं अख्खं कुटुंब, ओल्या अंगाने चिखलावरून घसरत, एकमेकांच्या अंगावर पडत. एकाने खेकडा पकडला आणि बाकीच्यांनी तो त्याच्याकडून पळवला. एरवी अण्णांनी यासाठी दिवस घालवला असता. आता त्यांनी एकदा पाहिलं आणि पुन्हा काथ्या पिळायला लागले. दिनू काकांच्या शेजारी बसून ठोकत होता. दोघे बोलत नव्हते, पण काका मधूनच त्याच्या हातातली हातोडी सरळ करून देत. एकदा म्हणाले, "तू काल काय्येक बोलूक नाय."

"माझी छाती झाली नाही, काका."

"माजी खंय झाली होती? ती पिसां तेच्या आदल्या दिसाक माका पण गावली होती. मी ती पाचोळ्यात ढकललंय." आणि त्यांनी पुढची भेग ठोकायला घेतली.

तिसऱ्या दिवशी भरतीला होडी पाण्यात ढकलली. गाव काठावर जमला होता. होडी तरंगली. काकांनी वल्ही घेतली आणि पहिल्या खेपेला कोण बसणार म्हणून लोक पुढे सरकले, तर काकांनी त्यांना हाताने थांबवलं.

"जेंका गरुड व्हयो होतो, तेंची पयली खेप. चला, सायबानु."

अण्णांना पोहता येत नाही. हे त्यांनी आजवर कुणालाही, वहिनींनाही सांगितलं नव्हतं. तिथे सांगितलं. काका म्हणाले, "सावित्रीकय येयना." अण्णा बसले. मी बसलो, दिनू बसला. काठ मागे सरकला.

खाडीच्या मध्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग माझ्या पायाला गार लागलं. मी खाली पाहिलं. माझं ठिगळ शाबूत होतं, पाणी शेजारच्या भेगेतून झिरपत होतं. फार नाही, पण थांबतही नव्हतं. काकांनी वल्ही न थांबवता दोन करवंट्या आमच्याकडे टाकल्या. अण्णा आणि दिनू उपसायला लागले. मी टोपीने उपसत होतो. येणारं पाणी आणि जाणारं पाणी बरोबरीला आलं. एवढंच आम्हाला जमत होतं, आणि पाऊसभर या माणसांना एवढंच करत जायचं होतं.

तेवढ्यात डोक्यावरून तो पंखांचा आवाज गेला. पलीकडच्या काठावरच्या उंबराकडून राईच्या दिशेने, अगदी खालून, इतका जवळून की हवा कानाला लागली. त्याच्यासाठी आम्ही घाट उतरून आलो होतो. पण आमच्यापैकी कुणाचीही मान वर झाली नाही. आम्ही उपसत होतो.

फक्त काका वर बघत होते.